मांगरातली बिडाची शेगडी: पहिला पावसाळा

शेगडी घेतली मार्चात, भंगारात, वजनावर. बिडाची, पुढे काचेचं दार, मागे सहा इंची धुराड्याचं तोंड. मालवणात शेगडी कशाला, हे सगळ्यांकडून ऐकून झालंय. जुलैत मांगरातल्या (शेतावरच्या कोठारातल्या) हत्यारांना गंज चढतो नि सुपारीला बुरशी लागते, त्यासाठी.

एप्रिल. रात्री आत टॉर्च लावून ठेवला; कुठूनही उजेड झिरपला नाही, म्हणजे बिडाला तडा नाही. मग दारात दहाची नोट धरून दार लावलं. नोट अलगद बाहेर आली, म्हणजे दार घट्ट बसत नाही. दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी बदलली. जुनी ॲस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून मास्क लावून, भिजवून काढली आणि पिशवीत बांधली.

मे. पहिला पाइप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, लावून बसलो होतो. तापला की त्यावरच्या जस्ताचा धूर होतो, हे उशिरा कळलं. उतरवला, 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा बसवला. खाऱ्या वाऱ्यात मात्र 316 जास्त टिकतो.

जुलै. इथे माती खाल्ली. सकाळी बघतो तर जांभ्याच्या भिंतीवर काळा, तेलकट ओघळ, वास जळक्या डांबराचा. शेजारच्या काकी डोकावल्या: "रे, सुपारी सुकयतस की डांबर काढतस?"

चुका दोन. कौलं घालतो तसा मी पाइपाचा वरचा तुकडा खालच्यावर चढवला होता. धुराड्याचं उलट असतं: वरचा खालच्याच्या आत, म्हणजे ओघळ आतूनच शेगडीत परततो. पण मुळात ओघळ आलाच का? ऐनाचं लाकूड मेमध्ये फोडून मांगरात रचलं होतं. वरून खडखडीत. नवी ढलपी फोडून आतल्या अंगाला ओलाव्याचा मीटर टोचला तर 27 टक्के. हवं 20 च्या खाली. त्यात रात्रभर टिकावी म्हणून मी हवेची झडप जवळजवळ बंद करून झोपत होतो. धुमसत्या लाकडातली न जळलेली वाफ पाइपात 120 अंशांच्या खाली गार झाली की तिथेच चिकटते. तेच क्रिओसोट.

एल्बो (पाइपाचा वळणाचा तुकडा) उघडला. खाली भुरभुरीत काजळी, मधे पापुद्रे, वर टोपीजवळ काकवी सुकल्यासारखा चकचकीत थर. पापुद्रे ब्रशने निघाले, चकचकीत थर हलेना. तो तुकडा सरळ टाकून दिला. साधारण 3 मिमी साचलं की साफ करायचंच, कारण ते पेटलं तर धुराड्यात हजार अंशांच्या वर जातं, आणि माझ्या पाइपापासून सागाचे वासे हाताच्या अंतरावर. तिथे आता जाड पत्र्याची ढाल आहे, मधे हवेला मोकळी फट सोडून. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावला.

ऑगस्टपासून आच लहान पण लखलखीत, झडप उघडी, रात्री विझू देतो. तापमापक पाइपाला पट्ट्याने बांधलाय (स्टेनलेसला चुंबकाचा चिकटत नाही). 120 ते 240 मध्ये ठेवतो. करवंट्या पेटवणापुरत्या दोन-तीन. जास्त झाल्या की शेगडी लाल होते. काजूची टरफलं कुणी फुकट दिली तरी नकोत, त्यातल्या तेलाचा धूर घशाला लागतो आणि पाइपात चिकटतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मांगराबाहेर. निखारा त्यात दोन-दोन दिवस जिवंत राहतो.

लाकूड म्हणून एका पाडलेल्या घराचे बिनरंगाचे जुने वासे मिळाले, मीटरवर 16. परवा ब्रश फिरवला: दोन मुठी कोरडी काजळी, बस्स.

पुढच्या आगोटीसाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीसाठी) ऐन आत्ताच फोडून, खाली ओंडके घालून अंगणात रचलाय. काल मधली एक ढलपी फोडली. 31.