अबू सिंबेल: दोन तासांसाठी सात तासांची हाडं खिळखिळी

इजिप्तच्या दक्षिणेला आस्वान शहरातून अबू सिंबेलची प्राचीन देवळं बघायला निघालो. आस्वानच्या हॉटेलवाल्याने 'प्रायव्हेट कार' म्हणून पैसे घेतले आणि पहाटे चारला खाली येऊन बघतो तर मिनीबस, बारा माणसं, आणि आमच्या वाट्याला मागचं टायरवरचं सीट. शेजारच्या स्पॅनिश जोडप्याने दुसरीकडून बुक केलेलं, आमच्या निम्म्याहून कमी पैशात. तेव्हा गाडीचा प्रकार लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. ब्रेकफास्ट बॉक्स म्हणजे कोरडा पाव, केळी स्वतःची न्या.

रस्ता जवळपास तीनशे किलोमीटर, सगळं वाळवंट, एका बाजूने साडेतीन तास धरा. पाठीचा त्रास असेल तर सरळ विमानाने जा किंवा अबू सिंबेल गावातच एक रात्र मुक्काम करा, मी पुन्हा गेलो तर हेच करणार. कारण साडेसातला सगळ्या गाड्या एकदमच पोचतात आणि ड्रायव्हर सांगतो दोन तासांत परत या, त्यातला अर्धा तास तिकीट आणि टॉयलेटच्या रांगेत. कार्ड जवळ असू द्या, कॅशच्या भरवशावर जाऊ नका.

पण टेकडीला वळसा घालून समोर आलो आणि शिव्या बंद झाल्या! फेरो (म्हणजे राजा) रामसेसचे चार पुतळे, प्रत्येकी २० मीटर, म्हणजे आपली सहा मजली बिल्डिंग खुर्चीत बसलेली. दुसऱ्याचं धड प्राचीन काळीच भूकंपात कोसळलं, डोकं अजून पायाशी पडलंय. पायाशी कोरलेली राण्या-पोरं रामसेसच्या गुडघ्यालाही पुरत नाहीत. आणि हे सगळं १९६४ ते ६८ मध्ये करवतीने कापून ६५ मीटर वर आणून परत जोडलंय, नाहीतर आस्वान धरणाच्या नासर सरोवरात गेलं असतं, मी जवळ जाऊन सांधे शोधत बसलो, ते दिसतात पण शोधावे लागतात. देऊळ पूर्वाभिमुख आहे, चेहऱ्यांवर ऊन सकाळीच पडतं, म्हणून आधी बाहेरचे फोटो काढा, आत नंतर. गाइडला आत बोलू देत नाहीत, जे ऐकायचं ते बाहेरच ऐकून घ्या.

आत एक रखवालदार मोठी अंखच्या (वर फास असलेला क्रॉस, प्राचीन इजिप्तचं जीवनचिन्ह) आकाराची किल्ली हातात देतो, फोटोला उभं करतो. फुकट नाहीये ते. नको असेल तर किल्ली हातात घेऊच नका. शेजारचं रामसेसच्या राणीचं, नेफरतारीचं छोटं देऊळ मात्र सोडू नका, गर्दी तिकडे उशिरा वळते.

याच ट्रिपमधले लक्सर शहरातले तीन दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच की तिथले मेमनॉनचे म्हणून ओळखले जाणारे दोन प्रचंड प्राचीन पुतळे रस्त्याच्या कडेलाच आहेत, बघायला तिकीट नाही, टॅक्सीवाला मागत असेल तर ते त्याच्या खिशात जातंय.

अबू सिंबेलहून परतीला आस्वानमध्ये शिरताच बस अत्तराच्या दुकानापाशी थांबली, 'फक्त पाच मिनिटं'. चाळीस लागली. मी उतरलोच नाही, टायरवरच्या सीटवर झोपलो.