धुपदाळचा बंधारा आणि आंबोलीचा पाऊस

माझी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. पावसाळ्यातला रविवार म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकचं भाडं ठरलेलंच. माणसं 52 मीटरचा धबधबा बघायला येतात, पण मला ओढ धुपदाळची. घटप्रभा नदीवरचा हा दगडी बंधारा इंग्रजांच्या काळातला. त्याचा डावा कालवा 1897 पासून रानं भिजवतोय. थंडीत मागच्या साठ्यावर कांड्या करकोचे उतरतात. सुट्टीत मात्र इथं भजी, चुरमुरे आणि फोटो.

त्या जुलैत शहापूरचं एक कुटुंब होतं. ऊन पडलेलं, भिंतीवरून पाण्याची पातळ धार. पाच पोरं चपला काढून खालच्या दगडांवर उतरली. मी नको म्हटलं, तर त्यांचे वडील म्हणाले, "वरच्या हिडकल धरणाचे दरवाजे बंद आहेत मामा, पेपरात आलंय. पाणी येणार कुठनं?"

मलाही ते पटलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

काठावर एक म्हातारबाबा जाळं सारखं करत बसले होते. हातातलं काम टाकून उठले आणि ओरडले, "नीर बरतैती!" म्हणजे कानडीत, पाणी येतंय! मी बघितलं. धारेचा रंग बदलला होता. तांबूस पाणी, त्यात पाचोळा, बांबूची कांडकी, फेस. मी गाडीकडं पळालो आणि हॉर्नवरचा हात काढलाच नाही. चार पोरं वर आली. धाकटा चपलेसाठी परत वळला, तेव्हा म्हातारबाबांनी खाली उतरून त्याचा दंडच धरला आणि ओढून आणलं. त्याची आई काही बोलली नाही. बाबांच्या पायावर डोकं ठेवून कितीतरी वेळ तशीच राहिली.

पाव तासात ते दगड दिसेनासे झाले. वर आभाळ निळंच.

बाबांनीच समजावलं. हिडकलच्या खाली हिरण्यकेशी येऊन मिळते. ती येते आंबोलीहून, आणि हिडकलचे दरवाजे तिला अडवत नाहीत. तिकडं रात्रभर कोसळलेलं पाणी इकडं उन्हात येऊन पोचतं. इतकी वर्षं या रस्त्यावर गाडी चालवतोय, संकेश्वरला तीच नदी ओलांडतोय, आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता धुपदाळचं भाडं असलं की आदल्या रात्री आंबोलीतल्या मेहुण्याला फोन करतो. जोराचा पाऊस आहे म्हणाला, तर पोरांना गाडीतूनच बंधारा दाखवतो. रुसली तरी.