पहिल्या दिवशी मी मारामारीची फिल्म दाखवते

अँथ्रोपॉलॉजी, म्हणजे मानवशास्त्र, हे नक्की काय असं कुणी विचारलं की मी आता व्याख्या सांगत बसत नाही, सरळ प्रोजेक्टर लावते. नव्या लोकांना आधी संस्कृती, किनशिप (नातेसंबंध), फील्डवर्क (लोकांमध्ये राहून केलेला अभ्यास) असले शब्द दिले की ते वहीत उतरवून घेतात आणि विसरतात, पण अर्ध्या तासाची फिल्म दाखवली की दोन दिवसांनी फोन करून वाद घालतात.

आणि पहिली फिल्म कुठली ह्यावर माझं मत एकदम पक्कं आहे. 'द ॲक्स फाइट', १९७५, फिल्म बनवणारा टिमोथी ॲश आणि मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅग्नन. दक्षिण व्हेनेझुएलातलं यानोमामी ह्या आदिवासी लोकांचं गाव, साल १९७१, ॲश गावात येऊन जेमतेम दोन दिवस झालेत आणि अचानक भांडण पेटतं. सुरुवातीची दहा-एक मिनिटं जवळपास न कापलेलं फुटेज आहे, आरडाओरडा, काठ्या, कुऱ्हाडी, कॅमेरा लांबून झूम करत माणसं शोधतोय आणि कोण कुणाच्या बाजूने आहे काही म्हणजे काही कळत नाही. इथे मी फिल्म थांबवते, लाइट लावते आणि सगळ्यांना कागदावर दोन रकाने करायला सांगते, काय दिसलं आणि काय वाटलं. बहुतेक जण पहिल्याच रकान्यात 'रागीट लोक', 'जुना बदला' असं लिहितात. आता राग दिसला का हो? दिसला एक माणूस काठी घेऊन धावताना. ह्या एका गोष्टीवर आमचा कधीकधी अर्धा तास जातो आणि मी तो जाऊ देते.

मग पुढे. पडदा काळा, नुसते आवाज. भांडण नात्यातल्या निषिद्ध संबंधावरून झालं असं गावातल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि पुढे फिल्मच कबूल करते की ती माहिती चुकीची होती. खरं कारण म्हणजे दुसऱ्या गावाहून आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने बागेत एका बाईकडे केळी मागितली, तिने दिली नाहीत, त्याने तिला मारलं आणि तिची माणसं उठली. त्यानंतर तीच मारामारी स्लो मोशनमध्ये, माणसांवर बाण दाखवून, मग वंशावळीचे तक्ते. तेव्हा कळतं की कुणी उगाच मध्ये पडलेलं नव्हतं, भावकी कुणाची, सोयरीक कुणाशी, त्यावर बाजू ठरत होत्या. किनशिप हा शब्द मी इथे पहिल्यांदा उच्चारते, आणि तो लगेच समजतो, कारण भावकीतली भांडणं कुणाला सांगावी लागत नाहीत.

शेवटी तेच फुटेज कापून सुटसुटीत केलेलं दाखवतात. सगळे म्हणतात हे बरं समजलं. मग मी विचारते, ह्यातून गेलं काय काय?

'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२), कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट लोकांवरची फिल्म, मी मुद्दाम दुसऱ्या वेळेसाठी ठेवते. आधी नुसती बघायची, आणि मग सांगायचं की नानूकचं खरं नाव अल्लाकारियालाक होतं, बंदुका तेव्हा वापरात होत्या तरी शिकार जुन्या पद्धतीने करून दाखवली, आणि आत उजेड यावा म्हणून इग्लूची, म्हणजे बर्फाच्या घराची, एक बाजू उघडी ठेवली होती. काही जणांना फसवल्यासारखं वाटतं. मला स्वतःला ती फिल्म तरीही आवडते, पण ते मी शेवटी सांगते.

एक चूक मात्र मी सुरुवातीला बरीच वर्षं केली. नुसती मारामारी दाखवून लोकांना घरी पाठवायचे, आणि यानोमामी म्हटलं की त्यांच्या डोक्यात कुऱ्हाडच राहायची. हे त्या माणसांवर अन्याय करणारं होतं आणि जबाबदारी माझी होती. आता त्याच संध्याकाळी ॲशचीच एक छोटी फिल्म लावते, त्याच गावातली. एक बाप आपल्या पोरांना नदीवर नेतो आणि एकेकाला अंघोळ घालतो. बस, एवढंच. पोरं पाण्यात खेळतात, तो शांतपणे त्यांची अंगं चोळतो.

मागच्या वेळी ती संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. तासाभरापूर्वी 'हे लोक असेच' म्हणणारा एक मुलगा होता, त्याने विचारलं, "ह्या पोरांची नावं काय आहेत?"