नवापूरची मानमोडी

१९ फेब्रुवारी २००६ रोजी सकाळी आमचे पथक नवापुरातील एका अंड्यांच्या फार्मवर पोहोचले. मी तेव्हा पशुधन विकास अधिकारी होतो. तेथे कोंबड्या आधीपासून मरत होत्या आणि अनेकांनी ती राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, समजली होती, कारण माना वाकड्या होणे, धाप लागणे आणि पटापट मरणे ही लक्षणे राणीखेत आणि बर्ड फ्लू या दोन्ही रोगांत दिसतात. आदल्या दिवशी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने निदान केले ते एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे. भारतातील कोंबड्यांत तो प्रथमच सापडला होता.

संरक्षक पोशाख, गॉगल आणि मास्क घालून आम्ही शेडमध्ये शिरलो. दिवसभर कोंबड्या मारून खड्ड्यात टाकायच्या, वर चुना आणि माती लोटायची, असे काम चालले. तीन किलोमीटरच्या परिघात घरोघरच्या परसातल्या कोंबड्याही सोडायच्या नव्हत्या. उष्म्याने पोशाखाच्या आत घामाच्या धारा लागत. पण त्याहून जड होते ते मालकाच्या तोंडाकडे पाहणे. "डॉक्टर, हा रोग आमच्याकडे आला कुठून?" त्याने विचारले. रानबदके आणि हंस हे इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंचे मूळ घर, आणि आदल्याच वर्षी चीनमधील छिंगहाई सरोवरावर हजारो पट्टकादंब, म्हणजे एक प्रकारचे रानहंस, मेले होते, हे मी सांगितले. पण अंड्यांचे ट्रे, खाद्याची पोती आणि गाड्यांची चाके यांवरूनही विषाणू फार्मोफार्मी जातो, हेही सांगणे मला आवश्यक वाटले. सगळा दोष पक्ष्यांवर टाकणे सोपे असते, आणि माझ्या मते ते अपुरे असते.

संध्याकाळी एका पाड्यावर एक आजी चार कोंबड्या टोपलीखाली झाकून बसल्या होत्या. "साहेब, आमच्या सासूबाई सांगायच्या, मागे माणसांना मानमोडी आली होती, घरंच्या घरं रिकामी झाली. तीच का ही?"

मी जागीच थांबलो. १९१८च्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रात मानमोडीच म्हणत, आणि त्या विषाणूच्या जनुकांची पूर्ण मांडणी काही महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर २००५मध्ये प्रसिद्ध होऊन त्यांचे पक्ष्यांच्या विषाणूंशी जवळचे साम्य दिसले होते. १९५७ आणि १९६८च्या जागतिक साथींत तर पक्ष्यांच्या विषाणूचे काही जनुकखंड माणसाच्या विषाणूत मिसळले होते. इन्फ्लुएन्झाचे जनुक आठ सुट्या खंडांत असतात. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की या खंडांची अदलाबदल होऊ शकते. १९९७मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ थेट माणसांत शिरला, १८ जणांना लागण झाली आणि ६ दगावले. मात्र तो माणसाकडून माणसाकडे सहज पसरू शकला नाही. तो त्यासाठी बदलण्याची संधी कमी करणे, हाच त्या खड्ड्यांमागचा हेतू होता.

आजींना मी एवढेच सांगितले, "ती नाही आजी, पण तिच्या नात्यातली आहे. ही माणसांत येऊ नये म्हणून कोंबड्या नेतो आहोत." त्यांनी टोपली स्वतः उचलली.

रात्री आमच्यातील एका मजुराला ताप भरला. त्याला वेगळे ठेवून ऑसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधाच्या गोळ्या सुरू केल्या. पुढचे दिवस मी रोज सकाळी आधी त्याच्या खोलीत जात असे. तापाचे कारण साधे निघाले, आणि नवापूरच्या त्या साथीत एकाही माणसाला एच५एन१ची लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही.