अर्धा 'ला'

सतराव्या मिनिटाच्या बेचाळिसाव्या सेकंदाला आजी बोलायची थांबते आणि पडद्यावर दुसरं शेत येतं. पहिल्या दोन वेळा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं तेव्हा कळलं की ती थांबत नाही, तिला थांबवलंय. शेवटच्या शब्दानंतर अर्धा 'ला' उमटतो आणि तिथेच कापला जातो.

मी अमळनेरला राहतो. भाषांतर हा पोटापाण्याचा धंदा, त्यातूनच शैक्षणिक माहितीपट तपासायचं काम मिळत गेलं. असा माहितीपट एका देशातून दुसऱ्या देशात जाताना त्यावर जकात लागू नये, आयातीचा परवाना आडवा येऊ नये, म्हणून युनेस्कोने 1948 साली बैरुतमध्ये एक करार केला. 1954 मध्ये तो अमलात आला. चित्रपट, ध्वनिमुद्रणं, काचेच्या स्लाइड, प्रतिकृती, भिंतीवरचे तक्ते, नकाशे हे सगळं त्यात येतं. मात्र ही सामग्री शैक्षणिक आहे असं प्रमाणपत्र लागतं आणि ते ज्या देशात ती तयार झाली तिथली सरकारी यंत्रणा देते किंवा खुद्द युनेस्को देते. हा माहितीपट कापसावरचा होता, निर्माता अमेरिकेतला, म्हणून प्रमाणपत्र तिथल्या परराष्ट्र खात्याकडून यायचं होतं. चित्रीकरणाचा मोठा भाग आपल्या खानदेशातला. अर्ज करण्यापूर्वी या भागाचा तपासणी-अहवाल माझ्याकडून हवा होता.

कराराची कसोटी तीन प्रश्नांची आहे. मुख्य हेतू शिकवण्याचा किंवा माहिती देण्याचा आहे का? दाखवलेलं प्रातिनिधिक, अस्सल आणि अचूक आहे का? तांत्रिक दर्जा वापराच्या आड येत नाही ना? वाचायला सोपे प्रश्न आहेत. एखाद्या मालाचा खप वाढवणारी जाहिरात अमेरिकेच्या नियमांत बसत नाही. मतांचं काय, यावर तिथे मोठा खटलाच झाला. काही माहितीपट 'प्रचारकी' ठरवून प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा निर्माते कोर्टात गेले. 1986 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि 1988 मध्ये अपिलातही तेच टिकलं. बुलफ्रॉग फिल्म्स विरुद्ध विक हा तो खटला. मी तो नीट वाचलाय, कारण माणसाला मत आहे म्हणून त्याचं दृश्य बाद करायचा मोह तपासणाऱ्याला फार लवकर होतो. मत असू द्यावं. ते त्याच माणसाचं आहे ना, एवढं पाहावं.

मी प्रत्येक माहितीपट तीनदा पाहतो. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून आणि एकदा संहिता हातात धरून. आवाज बंद असला की चोरलेली दृश्यं सापडतात. या माहितीपटात वेचणीच्या जागी यंत्राने वेचलेला परदेशातला कापूस लावला होता. आपल्याकडे बाया कमरेला ओटी बांधून वेचतात. ते दृश्य मी सांगितलं आणि त्यांनी लगेच बदललं.

आजी पारोळा तालुक्यातल्या एका गावची. पडद्यावर ती बियाण्याचं रिकामं पाकीट हातात धरून बोलते, पाकिटावरचं नाव वाचता येतं. वाक्य असं : "दुकानवाला म्हने, हाई बी लई जाय, अळी लागस नही." म्हणजे, दुकानवाला म्हणे, हे बी घेऊन जा, अळी लागत नाही. खालच्या इंग्रजी उपशीर्षकाचा अर्थ होता, 'मी हे बियाणं घेते, याला अळी लागत नाही.' दुकानवाला गेला, 'म्हने' गेलं. अहिराणीतलं हे 'म्हने' मराठीतल्या 'म्हणे'सारखंच आहे, बोलणाऱ्याचा हात त्या वाक्यावरून काढून घेणारं. तो शब्द गाळला की दुकानदाराचा दावा आजीची साक्ष होतो.

भाषांतर मुंबईच्या एका बाईंनी केलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, उपशीर्षकाच्या एका ओळीत बेचाळीस अक्षरं मावतात, जागा नव्हती. आणि अहिराणी म्हणजे मराठीच ना, थोड्या वेगळ्या हेलाची? जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिककडचं बागलाण, एवढ्या मुलखात घराघरांत बोलली जाणारी भाषा शहरातल्या शिकलेल्या माणसाला अजून हेल वाटते, याचा मला खरोखर राग येतो. दर कामात हेच होतं.

पण अर्ध्या 'ला'चं काय? मी मूळ चित्रीकरण मागितलं. ते येईना, तेव्हा एसटी धरून गावालाच गेलो.

आजी शेतातच होती. दिवस फुलोऱ्याचे. मी विचारायच्या आधीच तिने एक फूल खुडून माझ्या हातावर ठेवलं. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या, ती डोमकळी. तिने नखाने उघडली, आत अळी. भारतात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, 2002 मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं, म्हणजे दोन विषांचं वाण 2006 मध्ये आलं आणि गुलाबी बोंडअळी पुढे दोन्ही विषांना पुरून उरली. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात ती किती पसरली ते आपण पाहिलंच आहे. आजीला ही सालं ठाऊक नव्हती. डोमकळी दिसली की खुडून नष्ट करायची, मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात रोज किती पतंग पडतात ते मोजायचं, फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पुढे राखलेलं पीक, ठेवायची नाही, हे मात्र तिने मला उभ्या उभ्या सांगितलं. माहितीपट ज्या कृषिशाळांत जाणार होता तिथल्या मुलांनी शिकावं असं हेच होतं.

"आजी, त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर काय म्हणाली होतीस?" मी विचारलं. तिने तेच वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि श्वासही न घेता पुढे जोडलं, "लागनी ना भाऊ! सम्द्या कैऱ्या खाई टाक्यात."

कैऱ्या म्हणजे कापसाची हिरवी बोंडं, ती सगळी अळीने खाल्ली. आणि लागनी, म्हणजे लागली. त्यातला 'ला'.

परत आल्यावर मूळ चित्रीकरण मिळालं, त्यात हे सगळं होतं. वाक्य कापण्यामागे कोणाचे पैसे होते असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. निर्मात्याच्या समन्वयकाशी मात्र तासभर बोललो. तो म्हणाला, "सर, हे तिसऱ्या प्रश्नात टाका ना. तांत्रिक दोष लिहा, आम्ही तो आवाज साफ करून देतो." तो मनाने वाईट नाही, त्याच्या डोक्यावर तारीख होती. पण आवाज साफ करणं म्हणजे तो अर्धा 'ला' पुसणं, आणि चित्रपटात तिच्या खऱ्या बोलण्याची तेवढीच खूण उरली होती. मी ते दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं. मिनिट, सेकंद, अहिराणीतलं पूर्ण वाक्य, शब्दशः अर्थ, आणि पाकिटामुळे पहिल्या प्रश्नातही अडचण येते हे. शेवटी लिहिलं, या स्वरूपात हे दृश्य अचूक म्हणता येणार नाही.

त्यांनी दृश्यच काढून टाकलं. सतराव्या मिनिटाला आता ठिबकच्या नळ्या दिसतात. मागे संगीत आहे. माहितीपट आता अचूक आहे, त्यावर मी सही केली आणि काही महिन्यांनी प्रमाणपत्र मिळाल्याचं कळलं. त्यात चूक काही राहिली नाही. अळी लागली असं सांगणारं माणूसही राहिलं नाही.

तो अहवाल मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. काय चुकलंय ते दीड पानभर लिहिलं, पण 'पुढचे दोन सेकंद परत जोडा आणि पाकीट चौकटीबाहेर ठेवा' ही एक ओळ मी लिहिली नाही. उपाय सुचवणं तपासणाऱ्याचं काम नाही असं मला तेव्हा वाटलं होतं. पुढच्या तिन्ही अहवालांत मी उपाय लिहिले, न विचारता. एका निर्मात्याने त्यावर नाराजी कळवली.

निघताना आजीने तिच्या नातवाचा नंबर माझ्या वहीत लिहवून घेतला होता. चित्रपट आला की त्याला सांग, तो मोबाइलवर दाखवेल म्हणाली. गेल्या आठवड्यात त्या मुलाचाच फोन आला, आजी विचारते म्हणून. मी म्हटलं, येऊन सांगतो. अहवालाचं ते पान छापून घेतलंय, तिचं वाक्य त्यात पूर्ण आहे. पोळ्याच्या आधी जायचंय.