बासुंदीचा डबा आणि आजारी न पडलेली माणसे

प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असताना अन्नविषबाधेच्या एका उद्रेकाचा तपास मला पहिल्या रुग्णापासून अंतिम अहवालापर्यंत करावा लागला. लग्नाचे जेवण होऊन तीन-चार तास होतात न होतात तोच माणसांना उलट्या सुरू झाल्याचा आशाताईंचा फोन आला. थोड्याच वेळात खाटा भरल्या आणि व्हरांड्यात सतरंज्या अंथरून सलाइन लावावे लागले. याच धावपळीत पुरावा हातचा जातो. प्रतिजैविक सुरू झाल्यावर घेतलेल्या शौचाच्या नमुन्यात जंतू सापडण्याची शक्यता घटते, आणि तोवर गावाने उरलेले अन्न खड्ड्यात पुरून भांडीही घासून टाकलेली असतात. येथेही तसेच झाले होते.

आरोग्यसेविकेने प्रत्येक रुग्णाचे नाव, वय, जेवणाची वेळ, पहिल्या उलटीची वेळ आणि खाल्लेले पदार्थ वहीत उतरवले. साल्मोनेला या जंतूमुळे होणाऱ्या विषबाधेची लक्षणे दिसायला सहसा निदान 6 तास लागतात आणि बहुधा तापही येतो. येथे ताप जवळपास नव्हता आणि उलट्या फार लवकर सुरू झाल्या होत्या. त्यामुळे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या विषाचा संशय बळावला. हे विष एकदा पदार्थात तयार झाले की तो पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही.

गावाचा रोख मात्र विहिरीच्या पाण्यावर होता. त्या पाण्याच्या टाकीतली ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहणारी चाचणी) क्लोरीन दाखवत होती आणि तेच पाणी पिणारी, पण लग्नाला न गेलेली घरे ठणठणीत होती. मग आम्ही जेवून गेलेल्या, पण आजारी न पडलेल्या माणसांना शोधून विचारपूस केली. माझ्या मते तपासाचा कणा हाच असतो, आणि घाईत नेमका हाच भाग वगळला जातो. मधुमेहामुळे गोड टाळणारे वडीलधारे त्याच पंगतीत बसूनही सुखरूप होते. उलट, एक आजीबाई लग्नाला गेल्याच नव्हत्या. सुनेने डब्यातून आणलेली बासुंदी तेवढी त्यांनी खाल्ली होती, आणि त्या आमच्याकडे दाखल होत्या. बासुंदी आदल्या रात्री आटवून, ऐन मे महिन्यात, मोठ्या पातेल्यात तशीच झाकून ठेवली होती.

त्या डब्यात तळाशी थोडी बासुंदी शिल्लक होती. ती निर्जंतुक बाटलीत घेऊन, लेबल लावून, लसीच्या पेटीत बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत पाठवली. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनाही कळवले. प्रयोगशाळेच्या अहवालात स्टॅफिलोकॉकसच आला.

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम 2004 मध्ये सुरू झाला, तेव्हा सेविकेचा एस, डॉक्टरांचा पी आणि प्रयोगशाळेचा एल असे साप्ताहिक नोंदीचे फॉर्म भरले जात. 2021 पासूनच्या नव्या संगणकीय मंचावर घटना लगेच नोंदवता येते. पण नोंदवणारा तर हवा! जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 मधील अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात वर्षाला सुमारे 60 कोटी लोक आजारी पडतात आणि 4 लाख 20 हजार दगावतात. आपल्याकडे यांतले कितीतरी रुग्ण खाजगी दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी जातात आणि कोणत्याच नोंदीत येत नाहीत. या लग्नाचे काही पाहुणेही शेजारच्या तालुक्यात असेच उपचार घेऊन गेले होते, हे मला सोयऱ्यांकडून कळले. त्यानंतर मी परिसरातील खाजगी डॉक्टरांना भेटून एकच विनंती केली : एकाच जेवणातले दोन रुग्ण आले तरी औषध देण्याआधी नमुना ठेवा आणि मला फोन करा.