रिव्हेराचा कटर: खेळ मधल्या बोटाचा

जळगाव-धुळ्याकडची पोरं क्रिकेटमधून बेसबॉलकडे वळली, की ‘कटर’ म्हणताच चेंडूवरून बोटं फिरवायला लागतात. लेगकटरची सवय, दुसरं काय! बेसबॉलचा कटर तसा टाकत नाहीत. तो शिकायचा तर मारियानो रिव्हेराचाच बघावा.

पनामातल्या पुएर्तो काइमितो या मच्छीमारांच्या गावात वाढलेला हा उजव्या हाताचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. 1995 मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून पहिला सामना खेळला. स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणून जमलं नाही. 1997 पासून क्लोजर, म्हणजे थोडक्या आघाडीवर शेवटची इनिंग सांभाळणारा. त्याच वर्षी सरावात त्याचा सरळ फास्टबॉल आपोआप शेवटच्या क्षणी वळायला लागला. तो सरळ करायचा आधी बराच प्रयत्न झाला, मग नाद सोडला. बरं झालं सोडला! हाच तो कटर, पुढची सोळा-सतरा वर्षं तोच चेंडू चालला.

पकड अशी: पहिली दोन बोटं नालेच्या आकाराच्या शिवणीवर आडवी, अंगठा खाली. आता दोन्ही बोटं किंचित उजवीकडे सरकवा आणि सोडताना मधल्या बोटाने दाब द्या. मनगट ताठ, हात फास्टबॉलच्याच वेगाने. मनगट पिळलं की चेंडूचा वेग पडतो, त्याचा स्लायडर (जास्त वळणारा, पण हळू चेंडू) होतो आणि कोपरावर ताण येतो. बोटं फार सरकली तरी वेग जातो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात घामाने मधलं बोट निसटतं. मग चेंडू वळतच नाही, बॅटरला मधोमध आयता मिळतो. म्हणून दर चेंडूआधी बोटं कोरडी करा.

डावखुऱ्या बॅटरचे हाल सगळ्यात जास्त. चेंडू मधोमध येतोय असं वाटतं आणि तो आत घुसून बॅटच्या मुठीजवळ लागतो. कित्येक बॅटी त्याने अशाच मोडल्या. 2001 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यातही लुइस गोन्झालेझची बॅट मोडलीच होती. पण धाव रोखायला इनफिल्ड, म्हणजे बेसजवळचे क्षेत्ररक्षक, पुढे ओढलेलं, त्यामुळे तो मेलेला फटका मागे रिकाम्या जागेत पडला आणि ॲरिझोना जिंकलं. त्या शेवटच्या चेंडूला मी तरी दोष देणार नाही. त्याच इनिंगमध्ये बंटवर (बॅट नुसती लावून हळू खेळलेल्या चेंडूवर) दुसऱ्या बेसकडे केलेली त्याची चुकीची फेक मात्र महागात पडली.

एकूण 652 सेव्ह, म्हणजे शेवटी आघाडी राखून दिलेले विजय, हा विक्रमच. पोस्टसीझनमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) 141 इनिंग, ईआरए 0.70: नऊ इनिंगमागे एक धावसुद्धा नाही. 2012 मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला. 2013 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, परत येऊन 44 सेव्ह. 2019 ला हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानासाठी 425 पैकी 425 मतं. एकमताने निवडून आलेला तो पहिलाच.

पिचर ते होम प्लेट (बॅटरसमोरची पाटी) हे अंतर 18.44 मीटर; सराव सुरू करताना त्याच्या निम्म्यावरून टाका. चेंडूभोवती स्केचपेनने एक रेघ ओढा, म्हणजे फिरकीचा कल नीट दिसेल. आधी सरळ फास्टबॉल टाका, मग तशाच हाताने कटर. समोर झेलणाऱ्याला हातावरून फरक ओळखता आला, तर मनगट फिरतंय.